येडवाब्ने, १० जुलै १९४१ : स्मारकावरील वाक्याचा कर्ता

टिपणवही (मूळ लेखन)

पोलंडच्या ईशान्य भागात, वोम्झा शहरापासून साधारण वीस किलोमीटरांवर येडवाब्ने नावाचे छोटेसे गाव आहे. (रोमन अक्षरे पाहून आपल्याकडे ‘जेडवाब्ने’ असे लिहिले जाते, पण पोलिश उच्चार ‘य’चा आहे.) गावाबाहेर, जुन्या ज्यू दफनभूमीसमोर, साठच्या दशकात एक शिळा उभारण्यात आली होती. गेस्टापो आणि हिटलरी पोलिसांनी १० जुलै १९४१ रोजी येथे १६०० माणसांना जिवंत जाळले, असे तिच्यावर कोरलेले होते. २००१ च्या मार्च महिन्यात ती शिळा तिथून हलवण्यात आली, कारण त्या वाक्यातली क्रिया खरी असली तरी कर्ता खरा नव्हता.

त्या दिवशी काय घडले याचा क्रम आता बऱ्याच खात्रीने सांगता येतो. ऑगस्ट १९३९ च्या जर्मन-सोव्हिएत करारानुसार पोलंडची वाटणी झाली आणि हा मुलूख सोव्हिएत ताब्यात गेला. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर चाल केली, लाल सेना मागे हटली आणि येडवाब्नेत जर्मन आले. ५ जुलैला जवळच्या वोंसोश गावात आणि ७ जुलैला राद्झिवूवमध्ये ज्यूंची कत्तल झाली. १० जुलै हा गुरुवार होता. सकाळपासूनच आसपासच्या खेड्यांतले शेतकरी गाड्या जुंपून गावात येऊ लागले. जर्मनांच्या अमलाखाली नगरप्रमुख झालेला मारियान कारोलाक आणि त्याची माणसे घरोघर फिरली आणि चौकाची साफसफाई करायची आहे असे सांगून त्यांनी ज्यू कुटुंबांना बाजारचौकात आणले. तिथे त्यांना फरशीच्या दगडांमधल्या फटींत उगवलेले गवत उपटायला बसवले. काहींच्या हातात त्यासाठी चमचे होते. ज्या चौकात त्यांची दुकाने होती, ज्यात ते आठवडी बाजाराला रोजच्या ओळखीच्या गिऱ्हाइकांशी घासाघीस करत, त्याच चौकात जुलैच्या उन्हात ती माणसे गुडघ्यांवर बसून गवत काढत होती आणि भोवती उभी असलेली गिऱ्हाइके त्यांना मारत होती.

पुढे चाळीस-पन्नास पुरुषांना बाजूला काढण्यात आले. सोव्हिएत काळात उभारलेला लेनिनचा पुतळा फोडून त्याचे तुकडे त्यांना वाहायला लावले, रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, पुढे चालवले आणि गावाबाहेरच्या एका कोठारात नेऊन त्या सर्वांना ठार करून पुतळ्याच्या तुकड्यांसह तिथेच पुरले. त्यानंतर उरलेल्यांना, म्हणजे बायका, म्हातारी माणसे आणि कडेवरची मुले यांना, त्याच कोठाराकडे हाकत नेले. ते एका गावकऱ्याचे लाकडी कोठार होते. दारे बंद केली गेली, सोव्हिएतांच्या मागे राहिलेल्या साठ्यातले रॉकेल भिंतींवर ओतले गेले आणि कोठार पेटवून देण्यात आले.

हे सारे २००० साली ‘उघडकीस आले’ असे सर्रास लिहिले जाते. त्या वर्षी अभ्यासक यान ग्रोस यांचे या कत्तलीवरचे पुस्तक पोलिशमध्ये प्रसिद्ध झाले आणि देशभर वादळ उठले, हे खरे आहे. पण ‘उघडकीस आले’ हा शब्दप्रयोग मला पटत नाही आणि हा धागा मुख्यतः त्यासाठीच काढला आहे. त्या कत्तलीतून वाचलेला श्मुल वासेरश्टाइन याने ५ एप्रिल १९४५ रोजीच ब्यालिस्तोकच्या ज्यू ऐतिहासिक आयोगापुढे साक्ष दिली होती आणि त्या साक्षीत माणसांची नावे होती. मे १९४९ मध्ये वोम्झाच्या न्यायालयात २२ जणांवर खटला चालला. दोन दिवसांत तो आटोपला, काहींना तुरुंगवास झाला, एकाला मृत्युदंड सुनावला गेला आणि पुढे तो कमी करण्यात आला. १९८० मध्ये परदेशी स्थायिक झालेल्या येडवाब्नेच्या ज्यूंनी आपल्या गावाचा स्मृतिग्रंथ काढला, त्यातही हे सगळे आहे. म्हणजे आयोगाच्या दप्तरात होते, न्यायालयाच्या दप्तरात होते, छापील पानांवर होते, आणि गावात तर प्रत्येक घरात ठाऊक होते, कारण ज्यूंच्या रिकाम्या झालेल्या घरांत गावातलीच कुटुंबे राहायला गेली होती. तरीही शिळेवर दुसरेच वाक्य कोरले गेले आणि सुमारे चार दशके ते कोणी बदलले नाही.

त्या खटल्याचा कायदाही पाहण्यासारखा आहे. आरोपपत्र ३१ ऑगस्ट १९४४ च्या फर्मानाखाली दाखल झाले होते आणि ते फर्मान मुळात जर्मन सत्तेला साहाय्य करणाऱ्यांना शिक्षा देण्यासाठी होते. त्यामुळे न्यायालयाच्या भाषेतही कोठाराला आग लावणारा माणूस ‘साहाय्यक’ ठरला आणि मुख्य कर्ता परकाच राहिला. साऱ्या गावाला ठाऊक असलेली आणि न्यायालयाने नोंदवलेली गोष्ट देशाला इतकी वर्षे ठाऊक नसणे कसे शक्य होते, याचे माझ्यापुरते उत्तर इथून सुरू होते. ज्यांनी या विषयावर वाचले आहे त्यांनी आपले म्हणणे मांडावे, ही विनंती.

रानवाटा

लेख दोनदा वाचला. गवत उपटायला लावल्याचा भाग वाचल्यानंतर काही वेळ पुढे वाचवले नाही. तरी एक शंका मांडतो आणि ती कोणाला पाठीशी घालण्यासाठी नाही, हे आधीच सांगतो. जर्मन सैन्याच्या ताब्यातील गावात एखादा नगरप्रमुख आपल्या मनाने शेकडो माणसांना जाळू शकेल, हे मला अवघड वाटते. नाझी सुरक्षा पोलिसांचा प्रमुख हायड्रिख याने जून १९४१ च्या अखेरीस दिलेला आदेश प्रसिद्ध आहे. नव्याने जिंकलेल्या प्रदेशातील स्थानिक लोक ज्यूंविरुद्ध जी ‘स्वतःची सफाई’ करतील तिला अडवू नये, उलट मागे खूण न ठेवता तिला चालना द्यावी, असा त्याचा आशय होता. खूण ठेवायची नाही असे ठरवूनच जर हे केले गेले असेल, तर १९४९ च्या खटल्यात किंवा गावकऱ्यांच्या आठवणीत जर्मन फारसे दिसत नाहीत, यावरून आपण काय निष्कर्ष काढायचा?

टिपणवही

रानवाटा, शंका योग्य आहे आणि पोलंडमध्ये या विषयावरचा सर्वांत गंभीर वाद याच मुद्द्याभोवती झाला. तिथल्या राष्ट्रीय स्मृती संस्थेने २००० मध्ये रीतसर तपास सुरू केला आणि सरकारी वकील रादोस्वाव इग्नात्येव यांनी २००२ च्या जुलैमध्ये निष्कर्ष जाहीर केले. त्यांनी ‘गुन्हेगार’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले. व्यापक अर्थाने, म्हणजे चिथावणी आणि संमती या अर्थाने, दोष जर्मनांचा आहे. प्रत्यक्ष कृतीच्या अर्थाने मात्र गुन्हेगार म्हणजे येडवाब्ने आणि परिसरातील पोलिश रहिवासी, निदान चाळीस पुरुष. गावात जर्मन पोलिसांची एक लहानशी तुकडी होती. परवानगीशिवाय हे झाले नसते, हे मान्य करावेच लागते. पण परवानगी मिळाल्यावर काठ्या, कुऱ्हाडी आणि रॉकेलचे डबे कोणी उचलले, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

मला हायड्रिखच्या आदेशातले ‘चालना’ हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. ज्या वस्तूत आधी गती साठलेली असते तिलाच चालना देता येते. वोम्झाचा परिसर हा युद्धाआधीपासून राष्ट्रवादी पक्षाचा बालेकिल्ला होता. तीसच्या दशकात तिथे ज्यू दुकानांवर बहिष्कार पुकारले जात, बाजारात मांडणी उधळली जाई, आणि चर्चच्या व्यासपीठावरूनही ज्यूंविरुद्ध बोलले जाई. जर्मनांनी हे हेरले होते. ते सगळ्या पोलंडभर जमले नाही, या एका पट्ट्यात लागोपाठ अनेक गावांत जमले, ही गोष्ट आदेशापेक्षा त्या पट्ट्याबद्दल अधिक सांगते असे माझे मत आहे.

पंचगंगाकाठ

मी कोल्हापूरचा आहे, आणि या विषयाचा एक धागा आमच्या दारापर्यंत येतो म्हणून लिहितो. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत होती. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत मुख्यतः स्त्रिया आणि मुले, तिथे राहिली. त्यांचे चर्च होते, शाळा होत्या, आणि महावीर उद्यानात आजही त्यांचे स्मारक आहे. आमच्या घरी ‘पोलंडचे लोक’ हा उल्लेख नेहमी कळवळ्यानेच होत असे. ही माणसे कोण होती? १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत पोलिसांनी मध्यरात्री दार ठोठावून, अर्ध्या-पाऊण तासात सामान बांधायला लावून, मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलेली पूर्व पोलंडमधली कुटुंबे होती ती. येडवाब्नेचा परिसरही त्याच सोव्हिएत अमलाखाली होता आणि तिथूनही अशीच कुटुंबे नेली गेली.

म्हणून येडवाब्नेच्या बचावात जे कारण वारंवार दिले जाते, ते मी हलक्याने उडवून लावू शकत नाही. ज्यूंनी सोव्हिएतांचे स्वागत केले, याद्या पुरवल्या, आमची माणसे सायबेरियात धाडली आणि त्याचा सूड म्हणून हे झाले, असा तो युक्तिवाद आहे. वळिवड्याच्या बायकांनी जे भोगले ते खरेच होते. पण हा युक्तिवाद तपासायला बसल्यावर तो टिकत नाही. सोव्हिएतांनी पूर्व पोलंडमधून चार मोठ्या लाटांमध्ये लोक हलवले, आणि जून १९४० च्या लाटेत बहुसंख्य ज्यूच होते; जर्मन भागातून पळून आलेले ते निर्वासित होते. ज्यूंची दुकाने जप्त झाली, त्यांच्या संस्था बंद पडल्या. सोव्हिएतांना मदत करणारे पोलिशही होते. येडवाब्ने खटल्यातील एका दोषीने तर तुरुंगातून केलेल्या अर्जात आपण त्या काळात सोव्हिएत गुप्त पोलिसांना मदत केल्याचे स्वतःच लिहून दिले. आणि सोव्हिएत सत्तेचे खरे अधिकारी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, ते लाल सेनेबरोबर जूनमध्येच निघून गेले होते. जुलैत घरी सापडले ते शिंपी, चांभार, गाडीवान, त्यांच्या बायका आणि मुले.

कोल्हापुरात आम्ही ज्यांना आसरा दिला त्यांच्या दुःखाचा उपयोग त्या कोठाराचे समर्थन करायला होतो, हे वाचून मला मनापासून वाईट वाटले. त्या स्त्रियांची तशी इच्छा असेल असे मला वाटत नाही.

नीलमोहर

पंचगंगाकाठ, हा संबंध माझ्या लक्षातच आला नव्हता. वळिवड्याबद्दल आजवर जे वाचले त्यात ‘ही माणसे पोलंडमधून आली’ एवढेच असे. कोणत्या पोलंडमधून, कोणत्या वर्षी, ते आज समजले.

अक्षरगणित

आकड्यांबद्दल लिहितो, कारण या विषयावरची चर्चा पुष्कळदा तिथेच अडकते. जुन्या शिळेवर १६०० हा आकडा होता, ग्रोस यांनीही तोच घेतला. १९२१ च्या जनगणनेत गावात साडेसातशेच्या आसपास ज्यू होते. युद्धकाळात आसपासच्या गावांतून पळून आलेल्यांची भर पडली, काही जण १० जुलैला लपून वाचलेही. २००१ च्या मे महिन्याच्या अखेरीस कोठाराच्या जागी उत्खनन सुरू झाले. ज्यू धर्मशास्त्रानुसार मृतांच्या अस्थी हलवणे निषिद्ध आहे, त्यामुळे रब्बींच्या आक्षेपानंतर तत्कालीन न्यायमंत्री लेख काचिन्स्की यांनी ते मर्यादित ठेवले आणि चार-पाच दिवसांत ते थांबले. दोन दफनजागा सापडल्या, एक कोठाराच्या आत आणि एक बाहेर लागून. त्यावरून किमान ३४० बळी हा आकडा निश्चित करण्यात आला. ‘किमान’ हा शब्द इथे वाचताना गाळू नये. अस्थी पूर्ण बाहेर काढल्या गेल्या नाहीत.

काही काडतुसेही सापडली, तेव्हा ‘जर्मनांनी गोळ्या घातल्याचा पुरावा मिळाला’ अशा बातम्या लगेच आल्या. पुढे तज्ज्ञांनी तपासल्यावर ती त्या दिवसाच्या घटनेशी जोडता येत नाहीत असे दिसून आले. तो खुलासा पहिल्या बातमीइतका दूरवर पोचला नाही, आणि आजही अनेक ठिकाणी त्या काडतुसांचा हवाला दिला जातो.

मात्र त्या खोदकामातली माझ्या मनातून न जाणारी गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या खड्ड्यात लेनिनच्या पुतळ्याचे काँक्रीटचे तुकडे निघाले, म्हणजे वासेरश्टाइनसारख्यांनी सांगितलेला क्रम मातीनेच दुजोरा देऊन सांगितला. आणि अस्थींबरोबर लग्नाच्या अंगठ्या निघाल्या, नाणी निघाली, आणि किल्ल्या निघाल्या. घरांच्या किल्ल्या. चौक साफ करायला बोलावले म्हणून ती माणसे निघाली, जाताना दाराला कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली.

टिपणवही

अक्षरगणित, तुमच्या शेवटच्या परिच्छेदानंतर आकड्यांवर काही लिहावेसे वाटत नाही. एवढेच जोडतो की, १६०० नव्हे ३४० असे म्हणून ज्यांना हायसे वाटते, त्यांच्या सुटकेच्या निःश्वासाचे कारण मला कधीच समजले नाही.

शिळेकडे परत येतो. १० जुलै २००१ रोजी, साठ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष अलेक्सांदर क्वाश्न्येव्स्की यांनी तिथे जाऊन स्वतःच्या वतीने आणि या गुन्ह्याने ज्यांची सदसद्विवेकबुद्धी हादरली आहे अशा पोलिश लोकांच्या वतीने क्षमा मागितली. त्याआधी मे महिन्यात बिशपांनी वॉर्सातील चर्चमध्ये प्रायश्चित्ताची प्रार्थना केली होती. नगरप्रमुख क्षिश्तोफ गोडलेव्स्की समारंभाला उभे राहिले. बहुसंख्य गावकरी आले नाहीत, धर्मगुरूंनीही पाठ फिरवली, आणि पुढे गोडलेव्स्की यांना पद सोडावे लागले. नवे स्मारक साधे आहे. मधोमध जळक्या लाकडाची फळी बसवलेली आहे आणि पोलिश, हिब्रू व यिडिश भाषांत मजकूर आहे. त्यात मृतांना ‘या भूमीचे सहयजमान’ म्हटले आहे. पाहुणे नव्हे, यजमान. हा शब्द ज्याने सुचवला त्याने विचार करून सुचवला असणार. पण पुढची क्रिया कर्मणी प्रयोगात आहे : येथे मारले गेले, जिवंत जाळले गेले. कोणी, ते नाही. जुन्या शिळेवरच्या वाक्याला चुकीचा कर्ता होता आणि नव्या वाक्याला कर्ताच नाही. लिहिणाऱ्यांची अडचण मला समजते, कारण दुसरे कोणतेही वाक्य तिथे त्या वर्षी उभे राहू दिले गेले नसते. तरीही ते वाक्य अपुरे आहे.

रानवाटा

माझ्या शंकेचे सविस्तर उत्तर मिळाले, आभारी आहे. ‘परवानगी’ आणि ‘हात’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, हे पटले.

एक गोष्ट मात्र धाग्यावर नोंदवून ठेवावी असे वाटते. जर्मन ताब्यातील पोलंडमध्ये ज्यूला लपवल्याची शिक्षा मृत्यू होती आणि ती पुष्कळदा साऱ्या कुटुंबाला दिली जाई. तरीही ज्यूंना वाचवणाऱ्यांचा गौरव करणारी इस्रायलची स्मारक संस्था याद वाशेम हिने गौरवलेल्या उद्धारकांमध्ये पोलिश लोकांची संख्या सर्व देशांत सर्वाधिक, सात हजारांहून अधिक आहे. येडवाब्ने वाचून कोणी साऱ्या राष्ट्राबद्दल मत बनवू नये.

नीलमोहर

सहमत, पण याच भावनेचा कायदा झाला की काय होते तेही पाहावे. २०१८ च्या सुरुवातीला तिथल्या संसदेने नाझी गुन्ह्यांची जबाबदारी पोलिश राष्ट्रावर टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास देणारी दुरुस्ती मंजूर केली होती. टीका एवढी झाली की जूनमध्ये तुरुंगवासाचे कलम मागे घ्यावे लागले. आणि २०११ मध्ये येडवाब्नेच्या स्मारकावर कोणीतरी स्वस्तिक रंगवून ‘ते ज्वालाग्राही होते’ असे लिहून ठेवले होते. साठ-सत्तर वर्षांनंतरही तिथे रंगाचा डबा घेऊन कोणीतरी जाते.

टिपणवही

रानवाटा, त्या सात हजारांमध्ये एक नाव येडवाब्नेच्या शेजारचेच आहे आणि ते मी मूळ लेखात न घेता राखून ठेवले होते. अंतोनिना विझिकोव्स्का ही जवळच्या एका खेड्यातली शेतकरी बाई. तिने आणि तिच्या नवऱ्याने सात ज्यूंना आपल्या गोठ्याखाली खणलेल्या खड्ड्यांत दोन वर्षांहून अधिक काळ लपवले. वासेरश्टाइन हा त्या सातांपैकी एक. वर जनावरे, खाली माणसे. जर्मन झडतीला आले तेव्हा कुत्र्यांना वास लागू नये म्हणून तिने लपणजागेभोवती रॉकेल शिंपडले होते, असे तिच्या आठवणींत आहे. हे वाचताना मला ते दुसरे रॉकेल आठवले.

जर्मन गेले, सातही जण जिवंत बाहेर आले आणि मग अंतोनिनाला तिच्याच मुलखातल्या माणसांनी ज्यूंना लपवल्याबद्दल बेदम मारले. नवराबायकोला घर सोडून निघून जावे लागले. १९७६ मध्ये याद वाशेमने त्या दोघांचा गौरव केला. वासेरश्टाइन कोस्टा रिकात स्थायिक झाला आणि २००० च्या फेब्रुवारीत वारला, म्हणजे त्याची पंचावन्न वर्षांपूर्वीची साक्ष त्याच्या देशाने वाचायला घेतली त्याच्या दोन-तीन महिने आधी. अंतोनिना २०११ पर्यंत जगली. पण ती राहिली दुसरीकडे. त्या खेड्यात ती पुन्हा राहायला गेली नाही.